उमेदवारी आणि पिस्तूल

जिवावर बेतले असता सामान्य माणसाने जेथे आसरा मागावा, ते ठिकाण म्हणजे पोलीस ठाणे. उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या. कल्याण पूर्वचे तत्कालीन भाजप आमदार श्री. गणपत गायकवाड यांच्यावर गोळीबाराचा आरोप आला. जखमी झाले ते शिवसेनेच्या शिंदे गटाचे शहरप्रमुख श्री. महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी. वाद जमिनीचा होता. आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे आमदारांनी वृत्तवाहिनीला सांगितले. खरेखोटे न्यायालय ठरवील. त्यात तोंड घालण्याचा आमचा अधिकार नाही व तशी इच्छाही नाही.

परंतु त्यानंतर जे घडले, त्याविषयी बोलण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. भाजपने आमदारांच्या पत्नी श्रीमती सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली. महायुतीत ही जागा भाजपकडे गेल्याने श्री. महेश गायकवाड अपक्ष म्हणून उभे राहिले. सुलभाताई विजयी झाल्या, महेशराव दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पहिली दोन्ही स्थाने त्या एका रात्रीशी बांधलेल्या दोन नावांना मिळाली; आणि तरीही, लोकप्रतिनिधीने शस्त्र बाळगावे काय, बाळगल्यास कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न एकाही पक्षाने प्रचाराचा केला नाही.

कल्याणच्या भांडणाशी आमचा काय संबंध, असे कोपरीकरांनी म्हणू नये. उल्हासनगर, कल्याण आणि कोपरी ही एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द आहे. शस्त्रपरवान्याचा अर्ज एकाच दारी जातो. ज्या दोन पक्षांचे पुढारी त्या रात्री समोरासमोर आले, ते राज्याच्या सत्तेत भागीदार होते, आणि त्या सत्तेचे प्रमुख कोपरी-पाचपाखाडीचेच आमदार होते. श्री. एकनाथ शिंदे यांनी २०१९ च्या आपल्या प्रतिज्ञापत्रात एक पिस्तूल व एक रिव्हॉल्वर यांची नोंद केली होती. यात बेकायदेशीर काहीच नाही. नोंद केली हे उचितच झाले. आमचे म्हणणे एवढेच की, ही नोंद दागदागिन्यांच्या व गाड्यांच्या यादीत किमतीसह येते आणि तेथेच विषय संपतो. हे शस्त्र का लागते, असे उमेदवारी देताना पक्ष विचारीत नाही आणि मत देताना आपणही विचारीत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न टाळून उमेदवाराची सुटका होत नाही. तेथे शस्त्र बाळगणे हा १७९१ पासून घटनेने दिलेला हक्क आहे, आणि पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवितात. २०१२ साली टेनेसी राज्यातील रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधी डेब्रा मॅगार्ट यांनी, मालकाच्या वाहनतळावर गाडीत बंदूक ठेवू देणाऱ्या विधेयकास साथ दिली नाही. बंदूकवाल्यांची बलाढ्य संघटना त्यांच्यावर उलटली व स्वपक्षाच्याच मतदारांनी त्यांना घरी बसविले. पुढच्याच वर्षी शिकागो परिसरात डेमोक्रॅटिक पक्षात नेमके उलटे झाले: बंदूकवाल्यांनी पूर्वी गौरविलेल्या डेबी हॅल्व्हर्सन हरल्या आणि कडक नियंत्रण मागणाऱ्या रॉबिन केली जिंकल्या. टेक्ससचे टोनी गोन्झालिस यांच्या मतदारसंघात युवाल्डी येथे शाळेत मुलांचे हत्याकांड झाले. त्यानंतर २०२२ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. राज्यातील त्यांच्याच पक्षाने त्यांचा निषेध केला, आणि २०२४ ची पक्षांतर्गत फेरनिवडणूक ते जेमतेम काहीशे मतांनी तरले.

या पद्धतीची आरती ओवाळण्याचे आम्हांस कारण नाही. पक्षांतर्गत मतदानाला थोडे लोक येतात, आणि थोड्यांत कडव्यांचा आवाज मोठा होतो. आत्महत्या धरून वर्षाला चाळीस हजारांहून अधिक माणसे जेथे बंदुकीने मरतात, त्या देशाकडून शस्त्रांचे धोरण शिकण्याजोगे नाही. पण तेथे बंदुकीविषयीच्या मताची किंमत उमेदवाराला उघड्यावर मोजावी लागते, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे प्रत्यक्ष बंदूक चालल्याच्या आरोपाचीही किंमत कोणी मागत नाही.

आपली परंपरा वेगळी आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले, त्याची चीड इतकी होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला. स्वतंत्र भारताच्या घटनेने मात्र तो हक्क दिला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना ही राज्याने कारण पाहून दिलेली सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. निवडणूक आली की, कोणाची परवान्याची शस्त्रे जमा करून घ्यावीत हे ठरविण्यास छाननी समिती बसते. मतपेटी आणि पिस्तूल एकत्र नांदू शकत नाहीत, हे शासनानेच मान्य केले आहे. मग हे पक्षांना का उमजू नये?

कायदा आपले काम करील, हे पक्षांचे ठरलेले उत्तर आहे. ते किती पोकळ आहे हे उल्हासनगरने अनुभवले आहे. इंदर भटिजा यांचा खून १९९० साली झाला. त्या प्रकरणी श्री. पप्पू कलानी यांना जन्मठेप झाली ती २०१३ साली. दरम्यानच्या तेवीस वर्षांत ते पुनःपुन्हा विधानसभेवर निवडून आले, तुरुंगात असतानाही निवडून आले. शिक्षेनंतर २०१४ साली त्यांच्या पत्नी आमदार झाल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याची चाळणी शिक्षा झाल्यावरच लागते. आरोप आणि निकाल यांमधील त्या प्रदीर्घ काळात एकच चाळणी उरते, ती पक्षाच्या उमेदवारीची. आणि ती पक्षांनी कधीच फाडून टाकली आहे.

लोकांनीच निवडून दिले ना, असा दुसरा प्रश्न केला जातो. लोकांपुढे जे ताट वाढले गेले, त्यातूनच त्यांनी घास घेतला. ताट वाढणारे हात बंद खोलीतले होते. नवऱ्यावरील आरोपासाठी पत्नीला शासन व्हावे, असेही आम्ही म्हणत नाही. ती स्वतंत्र नागरिक आहे. परंतु तिचीच निवड का केली, हे पक्षाने सांगितले पाहिजे. १३ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, फौजदारी खटले असलेल्या व्यक्तीस उमेदवारी दिल्यास त्याची कारणे पक्षाने अठ्ठेचाळीस तासांत प्रसिद्ध करावीत, आणि निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालणार नाही. आदेश न पाळणाऱ्या पक्षांना २०२१ साली दंडही झाला. खटला पतीवर आणि उमेदवारी पत्नीला, एवढी पळवाट मात्र त्या आदेशालाही पुरून उरते.

निवडून येण्याची क्षमता! या सोवळ्या शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे, हे ठाणे जिल्ह्याला सांगावयास नको. जमिनींचे व्यवहार, बांधकामांचा पैसा, मागेपुढे फिरणारी माणसे आणि त्या माणसांच्या कमरेचे शस्त्र, हे सारे त्या एका शब्दात मावते. दहशत ही जोवर गुणांच्या रकान्यात लिहिली जाते, तोवर प्रामाणिक कार्यकर्त्याने सतरंज्या उचलाव्यात आणि ए-बी फॉर्म दुसऱ्याच्या हाती पडलेला पाहावा, हेच त्याचे प्राक्तन.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक पक्षाने इच्छुकाकडून तीन उत्तरे लेखी घ्यावीत: आपल्याकडे वा कुटुंबात शस्त्रपरवाना आहे काय व कोणत्या कारणासाठी, आपल्याबरोबर खाजगी सशस्त्र माणसे असतात काय, आपणावर वा निकटच्या कुटुंबीयांवर शस्त्र अधिनियमाखाली खटला आहे काय. ही उत्तरे उमेदवारीच्या यादीबरोबरच छापावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. लागते ती थोडी लाज.

पक्ष हे आपण होऊन करतील, असा आमचा भाबडा समज नाही. म्हणून कोपरीपासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक पक्षाच्या सामान्य सभासदाला आमचे सांगणे आहे की, शाखेत, मंडळात, इच्छुकांच्या मुलाखतींच्या दिवशी हे तीन प्रश्न त्याने उभे राहून विचारावेत. जो उत्तर देईल त्याचा विचार करावा. जो विचारणाऱ्याकडे रोखून पाहील, त्याचे उत्तर मिळालेच म्हणून समजावे.