अतिदक्षता विभागातील पहिले पाऊल

घरातील ज्येष्ठ व्यक्ती अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर असली की आप्तांची एकच विनवणी असते : ‘त्यांना हलवू नका, निवांत पडू द्या.’ या विनवणीत माया असते. परंतु निश्चल पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. पडून राहिलेले भांडवल घटत जाते, हे व्यापारी कुटुंबास सांगावे लागत नाही. देहाचेही तसेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात, अवघ्या दहा दिवसांत मांडीच्या एका प्रमुख स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आजार ओसरतो, पण आपल्या पायांवर उभे राहण्याचे बळ उरत नाही.

यावर उपाय म्हणजे वेळीच सुरू केलेली हालचाल. रोज काही काळ गुंगीचे औषध थांबवून रुग्णास जागे केले जाते. प्रथम फिजिओथेरपिस्ट त्याचे हातपाय हलवतात. मग तो स्वतः हलवतो, पलंगाच्या कडेला बसतो, आधाराने उभा राहतो. काही रुग्ण तर श्वसननलिका असतानाच चार पावले चालतात. अमेरिकेत २००९ साली १०४ रुग्णांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर व्यायाम मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना आपली नित्यकर्मे स्वतः करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. भ्रमावस्थेचा काळही निम्म्यावर आला.

तथापि अतिरेक येथेही वर्ज्य आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या चाचणीत, नेहमीपेक्षा अधिक हालचाल करविल्याने अधिक लाभ झाला नाही. उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब वरखाली होणे असे त्रास वाढले. मुनिजन चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. ईर्यासमितीचा हा विवेक रुग्णशय्येपाशीही उपयोगी आहे : चालणे थांबवायचे नाही आणि पाहिल्याविना पाऊलही टाकायचे नाही. नाडी, रक्तदाब, प्राणवायू पाहूनच त्या दिवसाची मात्रा ठरते.

ती मात्रा ठरविणे हे वैद्यांचे काम. कुटुंबीयांनी रुग्णास स्वतः हलवू नये. मात्र रोज नम्रपणे विचारावे, ‘आज त्यांना बसवता येईल का?’ वैद्यांची अनुमती मिळाल्यावर रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र द्यावे, शांतपणे नावाने हाक मारावी, दिवस-वेळ सांगावी. आणि तो वेदना सोसत उठू लागला, तर मायेपोटी त्याला पुन्हा निजवू नये.