शब्दाची पत

“आमच्या मुलासाठी साहेबांकडे एक शब्द टाका,” ही विनंती मराठी घरांना नवी नाही. शब्द टाकणारा माणूस त्या क्षणी स्वतःची पत पणाला लावत असतो. मुलगा कामात कच्चा निघाला, तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला तिथे मान राहत नाही. कंपन्यांना माणसे मिळवून देणाऱ्या सल्लागाराचे खरे भांडवल हेच असते. कार्यालय, संगणक, उमेदवारांची यादी या गोष्टी पैशाने उभ्या करता येतात. शब्दाची पत मात्र एकेका नेमणुकीतून मिळवावी लागते.

मुंबईला हा व्यवसाय जुनाच आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्या माणसाला कामावर लावणे एके काळी जॉबरच्या हातात होते. तो ओळखीपाळखीने माणसे आणी, अडीनडीला पैसेही देई. पण कामावर घेण्यासाठी आणि ठेवण्यासाठी दस्तुरी वसूल करी. व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, असे सुचवले. मध्यस्थाचे लक्ष माणसाच्या कामापेक्षा त्याच्या खिशाकडे लागले, की मालक आणि कामगार दोघांचाही विश्वास उडतो, हा त्यातला धडा आहे.

आजच्या सल्लागाराची फी कंपनी देते. सर्वसाधारण पदांसाठी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा अनेक ठिकाणी रूढ असलेला दर आहे. वर्षाला सहा लाख पगाराच्या जागेसाठी सुमारे पन्नास हजार रुपये होतात. नेमलेला माणूस ठरावीक मुदतीत, पुष्कळदा ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस विनाशुल्क द्यावा लागतो. उमेदवार रुजू झाल्याशिवाय फी मिळत नाही आणि मोह नेमका इथेच शिरतो. जागा भरायची, मग माणूस जेमतेम का असेना!

समजा, एका कारखान्याला देखभाल विभागासाठी अभियंता हवा आहे. त्या जागेवरून दोन वर्षांत तिघे सोडून गेले आहेत. घाईतला सल्लागार दुसऱ्याच दिवशी वीस अर्ज पाठवून मोकळा होतो. जाणता सल्लागार आधी कारखान्यात जाऊन येतो. तिघे का गेले, हे विचारतो. पगार बाजारभावापेक्षा कमी आहे आणि रात्रपाळी कोणालाच आधी सांगितली जात नाही, असे त्याच्या लक्षात येते. मग तो व्यवस्थापकाला स्पष्ट सांगतो, “या पगारात इतक्या अनुभवाचा माणूस मिळणे कठीण, मिळाला तरी टिकणार नाही.” असे बोलल्याने काम हातचे जाऊ शकते. पण चौथा माणूसही निघून गेला, की त्या व्यवस्थापकाला हेच बोलणे आठवते. वीस अर्जांपेक्षा चार नीट पारखलेले अर्ज आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या उणिवांची प्रामाणिक नोंद, यानेच ग्राहक बांधला जातो.

फी कंपनी देत असली, तरी जोखीम उमेदवाराच्या घरची असते. तो बहुधा कुठेतरी नोकरीत असतो. त्याचा अर्ज फिरतो आहे हे सध्याच्या साहेबांच्या कानावर गेले, तर आहे ती नोकरीही अडचणीत येते. म्हणून कंपनीचे नाव सांगून, त्याची संमती घेतल्याखेरीज अर्ज कुठेही जाता कामा नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यानेही संमतीला महत्त्व दिले आहे. तसेच, लेखी नेमणूकपत्र हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नका, हे त्याला बजावून सांगणे सल्लागाराचे कर्तव्य आहे. कंपनीने ऐनवेळी हात वर केले, तरी घराच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

रात्रपाळी, बदलीची शक्यता, कडक वरिष्ठ या गोष्टी लपवून जुळवलेली नेमणूक फार दिवस टिकत नाही. शिवाय आजचा उमेदवार उद्याचा अधिकारी असतो. दहा वर्षांनी माणसे निवडण्याचे काम त्याच्याकडे आले, की कोणी आपल्याला खरे सांगितले होते, हे तो विसरलेला नसतो.

बिल वसूल झाले की ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी वृत्ती दोन्ही बाजूंनी येऊ शकते. ती सल्लागाराने मोडावी. पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि तीन महिन्यांनी दोघांचीही विचारपूस केली, तर कुरबूर लहान असतानाच कळते. आणि ज्या कंपनीला माणूस दिला, तिचीच माणसे फोडून दुसरीकडे नेऊ नयेत. वरिष्ठ पदांच्या करारात असे बंधन लेखी घालतात. चांगला सल्लागार ते लहान पदांनाही पाळतो.

नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी एक खूण लक्षात ठेवावी. देशातील नोकरीसाठी नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत अशा नावाखाली उमेदवाराकडे पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचेही मूळ तत्त्व हेच आहे, की खाजगी भरती संस्थेने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. परदेशातील कामासाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. एजंटाची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या व्यवस्थेत तपासून घ्यावी. नुसत्या फलकावर भिस्त ठेवू नये.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी पहिल्या वर्षी किती जागा भरल्या, याचा हिशेब जरूर ठेवावा. पण त्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: त्यातली किती माणसे वर्षानंतरही तिथेच समाधानाने काम करत आहेत? दुसऱ्या वर्षीचे ग्राहक त्या रकान्यातूनच येतात.