शिवेपलीकडचा माणूस

विजयादशमीच्या दिवशी देवाची पालखी गावच्या शिवेवर जाते, शमीचे पूजन होते, आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हाती दिली जातात आणि दिवेलागणीला पालखी माघारी येते. सातारा-सांगलीच्या गावागावांतून हा विधी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो आहोत. परंतु सीमोल्लंघन करावयाचे ते केवळ पावलांनीच काय, हा प्रश्न या सणाच्या निमित्ताने आम्हांला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. कारण याच मुलखाच्या मातीतून निपजलेल्या एका चित्रपटाने आणि दोन कादंबऱ्यांनी आपल्या मनातील एक फार जुनी शीव ओलांडून दाखविली आहे. ती शीव म्हणजे सज्जन आणि गुन्हेगार यांच्यामध्ये समाजाने आखलेली रेघ.

प्रथम चित्रपटाचा विचार करू. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे ठिकाण. डोंगरावरील यमाई ही त्यांची कुलदेवता. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, चित्रकार, स्वतः कीर्तन करणारे श्रद्धाळू राजे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे ज्यू अभियंते आणि पुढे भारतानंद नावाने वावरणारे मॉरिस फ्रीडमन यांचा तीत पुढाकार होता. तिला तट नव्हता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे मोकळ्या रानात राहून शेती करीत. पुढे संस्थान विलीन झाले, पण वसाहत राहिली.

याच माणदेशातील शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. सहा खुनी कैद्यांना घेऊन जेलर आदिनाथ उजाड माळावर जातो आणि त्यांच्या हातून तेथे हिरवे शेत उभे करतो. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील पारितोषिक या चित्रपटाला लाभले. त्यातील प्रार्थना आज शाळाशाळांतून म्हटली जाते. पण ती म्हणताना, तेथे ती कोणाच्या तोंडी आहे याचे स्मरण आपल्यापैकी कितीजण ठेवतात?

आता ‘फकिरा’ घेऊ. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक तिला मिळाले. गावाला जोगणीचा मान मिळावा, गावची जत्रा भरावी, म्हणून राणोजी मांग आपले शिर गमावतो. ज्याच्या वस्तीला गावात जागा नाही, त्याच्या रक्तावर गावाचा उत्सव उभा राहतो! पुढे दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करणारा त्याचा मुलगा फकिरा इंग्रज सरकारच्या लेखी दरोडेखोर ठरतो. देवीची खरी सेवा कोणी केली, याचा निवाडा लेखकाने वाचकावर सोपविला आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मधील. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. चोरीवर पोट भरणारा आनंदा रामोशीही त्या वाडीतलाच. लेखक त्याला दोष देत नाही की त्याचे गोडवेही गात नाही. वाडीतील इतर माणसांसारखाच तोही एक माणूस म्हणून आपल्यासमोर येतो. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला.

यावर कोणी विचारील की, ज्यांचे घर गुन्ह्याने उद्ध्वस्त झाले त्यांच्या दुःखाचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. परंतु आदिनाथ आपल्या कैद्यांचा अपराध पुसून टाकीत नाही. अपराधाचे ओझे वाहत वाहतच ते हात कुदळ धरतात. फकिराची गोष्ट तर याहून निराळी. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या मनातून तो रद्द झाला असे छातीठोकपणे सांगता येईल काय? गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पालांवरच जातो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम द्यायला हात आखडतो, त्याच्या मुलांशी सोयरीक नको असते, आरतीच्या वेळी त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते.

देवावर श्रद्धा ठेवणे त्या मानाने सोपे. देव आपल्याला फसवील ही भीती नसते. माणूस फसवू शकतो, म्हणूनच माणसावरील श्रद्धेला धैर्य लागते. औंधच्या देवीभक्त राजाने ते दाखविले आणि त्याची प्रजा उघडी पडली नाही. आमच्या मते, धर्मबुद्धी मोठी होते ती अशा वेळी.

म्हणून सार्वजनिक मंडळांना आणि ग्रामवाचनालयांना आमची विनंती आहे. नऊ रात्रींपैकी एक रात्र या चित्रपटाला द्यावी, एका दुपारी ‘फकिरा’ अथवा ‘बनगरवाडी’ मोठ्याने वाचावी, आणि ऐकायला पालांवरच्या मंडळींनाही सन्मानाने बोलवावे. दसऱ्याला सोने वाटताना दोन पाने अशा घरी न्यावीत, जेथे आजवर कोणी गेले नाही.