ज्येष्ठांचा वकील नेमका कोणाचा?

आईवडिलांनी घर मुलाच्या नावे करून द्यावे आणि काही वर्षांनी त्याच घरात त्यांना औषधाच्या गोळीसाठीही मिंधे व्हावे लागावे, ही तक्रार महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला नवी नाही. नागपूरही त्याला अपवाद नाही. गोष्ट हातघाईवर आली की पहिला प्रश्न पडतो, तो वकील करावा का, हा. या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर मोठे चमत्कारिक आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संसदेने २००७ मध्ये संमत केला. त्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरणाचे काम पाहतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, फार तर ३० दिवसांची मुदतवाढ मिळावी, अशी अपेक्षा आहे. आणि कलम १७ सांगते की, या न्यायाधिकरणापुढे कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत बाजू मांडता येणार नाही. पैसेवाल्या मुलाने नामांकित वकील उभा करायचा आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बापाने तारखांमागून तारखा झेलायच्या, असे होऊ नये हा त्यामागचा हेतू. तो स्तुत्यच होता.

परंतु या तरतुदीला तडे गेले आहेत. वकिली कायद्याचे कलम ३० हे २०११ मध्ये अमलात आले. न्यायाधिकरणांपुढे काम चालविण्याचा वकिलांचा हक्क त्याने मान्य केला. त्याच्या आधारे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, तर केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी २०२१ मध्ये कलम १७ची बंदी टिकणारी नाही असा कौल दिला. तरीही कायद्याच्या पुस्तकात हे कलम छापलेले आहेच. त्यामुळे वकिलाला उभे राहू दिले जाईल का, याची चौकशी अर्जदाराने पहिल्या तारखेपूर्वीच करून घेतलेली बरी.

वकील उभा राहणार नसेल, तर ज्येष्ठ एकाकी पडतो असे नाही. कलम १८ प्रमाणे जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाचा निर्वाह अधिकारी त्याच्या इच्छेनुसार त्याची बाजू मांडू शकतो. नागपुरात समाजकल्याण विभागाचे कार्यालय दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज स्वतः ज्येष्ठाला करता येतो, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला वा संस्थेला करता येतो. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते.

खरी लढाई कागदांची

मग वकिलाची गरज उरते कुठे? ती उरते न्यायाधिकरणाच्या दाराअलीकडे आणि पलीकडे. अलीकडे, कारण कोणत्या दाराशी जायचे हेच आधी ठरवावे लागते. न्यायाधिकरणाला दरमहा १० हजार रुपयांपर्यंतच निर्वाहखर्च मंजूर करता येतो. ही मर्यादा काढण्याचा प्रस्ताव असलेले २०१९ चे दुरुस्ती विधेयक मंजूर होऊ शकले नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ची जागा १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली आहे. तेथे अशी मर्यादा नाही. परंतु दोन्हीकडे एकाच वेळी निर्वाहाचा दावा करता येत नाही. मारहाण होत असेल तर पोलिसांचा मार्ग वेगळा, आणि आईला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग आणखी वेगळा.

पलीकडे, कारण न्यायाधिकरणाचा निर्णय हा शेवट नसतो. प्रकरण अपिलात जाते, तेथून रिट याचिकेच्या रूपाने सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाऊ शकते. तेथे वकील असतोच, आणि तो बोलतो ते खालच्या अर्जात जे लिहिले गेले त्याच्याच आधारे. मुंबईतील एका ८० वर्षांच्या वडिलांचे प्रकरण पाहावे. दोन खोल्या बळकावलेल्या मुलाला घर सोडण्याचा आदेश न्यायाधिकरणाने दिला. मुलगाही साठी ओलांडलेला ज्येष्ठ आहे म्हणून उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जाच्या दिवशी मुलगा ५९ वर्षांचा होता हे दाखवून आदेश पुन्हा जिवंत केला. एका तारखेवर घर परत मिळाले.

सर्वांत मोठी ठेच बक्षीसपत्रात लागते. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडांना राहते घर बक्षीस देण्यावर मूळ मुद्रांक शुल्क २०१५ पासून अवघे २०० रुपये आहे; स्थानिक अधिभार वेगळा. घर देणे इतके स्वस्त झाले. ते परत घेणे मात्र तसे नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ खाली रद्द ठरवून घेता येते. पण तशी अट होती हे दाखवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये बजावले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईला घर परत दिले, कारण बक्षीसपत्राबरोबरच मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते. सुनेचा निवासाचा हक्कही विचारात घ्यावा लागतो, हे २०२० मध्येच स्पष्ट झाले आहे.

म्हणजे वकील हवा तो भांडण झाल्यावर नव्हे, तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही करण्यापूर्वी. आणि तो मुलाने आणलेला नको. ज्याने मुलाच्या सांगण्यावरून मसुदा लिहिला, ज्याची फी मुलाने दिली, त्याच्याकडून आईवडिलांच्या हिताची अट आपणहून लिहिली जाण्याची आशा धरणे भाबडेपणाचे आहे. सल्ला एकांतात व्हावा; मूळ कागद आपल्यापाशी राहावेत; फी लेखी ठरावी; ‘निकाल हमखास’ म्हणणाऱ्यास नमस्कार करावा. आधी हे पाहावे की, त्याने या कायद्याखालची प्रकरणे हाताळली आहेत का, की केवळ दिवाणी दावे लांबविले आहेत.

पैशांची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. विधवा आईला हे कुणी सांगतच नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

कायद्याने वकिलाला दाराबाहेर ठेवले ते ज्येष्ठाला न्याय सोपा व्हावा म्हणून. प्रत्यक्षात सर्वांत अवघड प्रश्न त्या दाराबाहेरच सुटतात. म्हातारपणी कुणावर विश्वास ठेवावा हे कायदा शिकवू शकत नाही. पण विश्वास कागदावर उतरवून देणारा स्वतःचा माणूस शोधण्याची मुभा तो देतो. ती सहीपूर्वीच वापरण्यात शहाणपण आहे.