शेवटचं कडवं

जयंतीचा हंगाम सरला. शहरांत १४ एप्रिलला मिरवणुका निघतात, पण नांदेड-लातूरच्या खेड्यांत बाबासाहेबांची जयंती एका दिवसात कधीच उरकत नाही. एका गावानं १४ तारीख धरली की शेजारचं गाव आठवडाभर थांबतं, तिसरं बुद्धपौर्णिमेचा मुहूर्त बघतं, आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत कुठं ना कुठं निळा मांडव उभा असतोच. पाहुण्यांना एकमेकांच्या गावी जाता यावं, पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या पोरांना सुट्टी जमावी, आणि मुख्य म्हणजे गायन पार्टीची तारीख मिळावी, म्हणून या तारखा अशा पुढं-मागं होतात.

या गायन पार्टीबद्दलच लिहायचं आहे. गायक, गायिका, दोन-तीन कोरसवाले, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो आणि त्यांच्या मागे साऊंडवाला, असा ताफा एका जीपमध्ये बसतो. आज मुखेड, उद्या अहमदपूर, परवा देगलूर, मग उदगीर, तिथून निलंगा. बेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसा प्रवास, रात्री मंच, पहाटे पुन्हा गाडी. शहरात एखाद्या रॉक बँडनं चार ठिकाणी कार्यक्रम केले तर त्याच्या दौऱ्याची बातमी होते, मुलाखती छापून येतात. इथं दीड-दोन महिने चालणाऱ्या दौऱ्याची दखल तालुक्याच्या पानावरही येत नाही. माझ्या मते मराठवाड्यातला खरा चालता-बोलता बँड हाच आहे, आणि त्याला आपण बँडची वागणूक द्यायला हवी.

हे मी नुसतं कौतुकापोटी म्हणत नाही. ही पार्टी वाजवते कशी ते एकदा मंचाजवळ उभं राहून ऐकावं. ढोलकीचा ठेका आणि ऑक्टोपॅडचा ठोका एकमेकांत गुंतून चालतात. बेंजोची तार कर्ण्यातून कडाडते तेव्हा विजेच्या गिटारीची उणीव भासत नाही, आणि काही पार्ट्यांत तर आता गिटार आणि ड्रमसेटही दिसू लागले आहेत. गाण्याची चाल मात्र इथल्या मातीची आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कंधारच्या उरसातली कव्वाली, माहूरच्या वाटेवरचा आराध्यांचा संबळ, मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला तमाशा हे सगळं या गायकांच्या कानावर लहानपणापासून पडलेलं. म्हणून भीमगीतात कव्वालीची तान येते, ओळ घोळवून-घोळवून पुन्हा म्हटली जाते, दोन पार्ट्या समोरासमोर बसवून सवाल-जवाबाचा सामना रंगतो. भीमराव कर्डकांच्या जलशापासून चालत आलेली ही परंपरा आहे. वामनदादा कर्डकांनी ती खेडोपाडी पायपीट करून नेली, प्रल्हाद शिंदेंच्या घराण्यानं ती कॅसेटमधून घराघरांत पोचवली.

चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं आणि तेन्मा यांच्या संगीताखाली ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. वस्तीतला ‘गाना’ हा गीतप्रकार, रॅप आणि रॉक एकाच मंचावर आले आणि त्याची दखल देशभर घेतली गेली. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्स’नं बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉकच्या वाद्यांवर मांडला. या दोन्ही प्रयोगांचा मला आदर आहे. पण वस्तीचं गाणं मोठ्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत, जातीच्या विरोधात मंचावरून म्हणणं ही गोष्ट मुखेड-कंधारला नवी नाही. इथं ती कैक वर्षं चालू आहे. तिला फक्त बँड म्हणून कुणी ओळख दिली नाही.

आणि आता ती मागे रेटली जाते आहे. डीजेमुळे.

डीजेविरुद्ध बोललं की लोक कानाच्या पडद्याबद्दल, म्हाताऱ्यांच्या छातीतल्या धडधडीबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे, पण माझं दुखणं निराळं आहे. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी आपली नाममुद्रा घालत. संतांच्या अभंगातून आणि शायरांच्या गझलेतून आलेली ही रीत आपल्या बहुतेक लोककवींनी पाळली. छापखाना, कॅसेट कंपनी, करारपत्र यांतलं काहीही हाताशी नसलेल्या कवीचा आपल्या गाण्यावरचा तेवढाच एक हक्क. पार्टी गाणं म्हणते तेव्हा ते शेवटच्या कडव्यापर्यंत जातं, कवीचं नाव येतं, आणि मांडवातली जाणती माणसं त्या नावाला दाद देतात. डीजेवर तेच गाणं लागतं तेव्हा धृपद, पहिलं कडवं, पुन्हा धृपद, त्यावर ठोक्यांचा भडिमार, आणि लगेच दुसरं गाणं. शेवटचं कडवं येतच नाही. ज्या पोरानं गेली पाच वर्षं फक्त मिरवणुकीतच भीमगीतं ऐकली, त्याला गाणी पाठ असतात आणि एकाही कवीचं नाव ठाऊक नसतं. १५ मे २००४ ला वामनदादा गेले, ऐन जयंतीच्या हंगामात. त्यांच्या गाण्यावर नाचणाऱ्या मिरवणुकीत आज त्यांचं नाव ऐकू येऊ नये, ही मला मोठी हानी वाटते.

कवीचं नावच तेवढं या कडव्यांत असतं असं नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना त्या ऑगस्टमध्ये मारलं गेलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ही नावं शाळेच्या पुस्तकातून फार कमी मुलांपर्यंत पोचली. बाकीच्यांपर्यंत ती गाण्यांतून आणि दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनातून पोचली. निवेदन करायला मंचावर माणूस लागतो.

गावं डीजेकडे का वळली, हेही समजून घेतलं पाहिजे. नुसतं पोरांना दोष देऊन भागणार नाही. शेजारच्या आळीची मिरवणूक डीजेवर निघते, मग आमची का नाही, हा प्रश्न मानाचा असतो. कित्येक गावांत जयंती काढणं हेच धाडस आहे. नांदेडलगतच्या बोंढार हवेलीत १ जून २०२३ ला एका तरुणाचा खून झाला. गावात जयंती काढल्याच्या रागातून तो झाला, अशी त्याच्या घरच्यांची फिर्याद आहे. अशा गावांतल्या पोरांना आपला आवाज वेशीपर्यंत जावा असं वाटलं तर त्यांना आवाज कमी करा असं सांगण्याचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं एवढंच की तो आवाज आपल्या माणसांच्या गळ्यातून आणि हातांतून निघावा.

यात वेळेचा पेच मोठा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर कर्णे बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. १४ एप्रिलला ती मिळते, पण ९ मे ला एखाद्या वाडीत होणाऱ्या जयंतीला कुठली मिळणार? तिथं पाच वाजता निघायची मिरवणूक सातला निघते, डीजेपुढं नाचत-नाचत नऊला मांडवात पोचते. मग हारतुरे, मग पाहुण्यांची भाषणं. पार्टी संध्याकाळपासून मंचामागे वाद्यं लावून बसलेली. तिला माईक मिळतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात आणि अर्ध्या तासात पोलीस येऊन बंद करायला सांगतात. सामना राहिला, नवीन बांधलेली गाणी राहिली, बिदागीही पूर्ण हातात पडत नाही. कार्यक्रम पूर्ण झाला नाही, असं कारण देऊन उरलेली रक्कम कापली जाते. डीजेचे पैसे मात्र गाडी गावात शिरण्याआधीच दिलेले असतात. हा अन्याय आहे, आणि तो आपणच करतो आहोत.

फलकांकडेही बघा. गायकाचा फोटो असतो, समितीच्या पन्नास जणांचे फोटो असतात, सौजन्य म्हणून पुढाऱ्यांचे फोटो असतात. ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव नसतं. ऑक्टोपॅडवाल्याचं नसतं, कोरसमध्ये उभ्या असलेल्या बाईचं तर नसतंच. कवीला निदान शेवटचं कडवं होतं. वादकाला तेही नाही.

यातली कितीतरी पोरं कॉलेजात शिकतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात शाहिरीही असते आणि पाश्चात्त्य समूहगान, पाश्चात्त्य वाद्यवादन हे प्रकारही असतात. महोत्सवासाठी गिटार हातात घेणारं पोरगं एप्रिलमध्ये एखाद्या पार्टीबरोबर कीबोर्डवर बसतं. दोन्ही विद्या एकाच बोटांत आहेत. त्या एका मंचावर आणायला ना विद्यापीठ पुढं येतं, ना महापालिका. नांदेडात शंकर दरबारसारखा शास्त्रीय संगीताचा देखणा महोत्सव होतो, दिवाळी पहाट गोदावरीच्या घाटावर रंगते, आणि होतात ते उत्तमच आहे. त्याच शहरात इथल्या पार्ट्यांसाठी, त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांसाठी, चांगल्या ध्वनियंत्रणेसह, तिकीट लावून एखादी संध्याकाळ का होऊ नये? लातूरच्या सभागृहांत का होऊ नये?

पुढच्या जयंतीच्या समित्या डिसेंबर-जानेवारीत बसायला लागतील, पट्टी ठरेल, सुपाऱ्या जातील. त्या बैठकांत बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मिरवणूक एका दिवशी काढा, गायन दुसऱ्या दिवशी ठेवा आणि सातला सुरू करा. भाषणं दोनच होऊ द्या. फलकावर वादकांची आणि कोरसची नावं छापा. बिदागी पार्टीनं मंचावर पाय ठेवण्याआधी पूर्ण द्या. आणि पार्टीला आधीच सांगा की प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा, आम्ही ऐकायला बसलेले आहोत.