पेढे जरा लवकर आणलेस!

मागच्या रविवारी सकाळी दारात एक मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. आमच्याच महाविद्यालयातून अर्थशास्त्रात एम.ए. झालेली. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाल्याचे पेढे होते. मागे नवी कोरी स्कूटर स्टँडला लावून वडील आले. त्यांचा चेहरा तर असा, की निकाल जणू त्यांचाच लागला होता. "आता तीन वर्षांत डॉक्टर ना, मॅडम?"

मी पेढा तोंडात टाकला आणि मुलीला विचारले, "विषय कोणता घेतेस?"

"ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : एक अभ्यास," ती एका दमात म्हणाली.

मला हसू आले आणि पोटात कालवलेही. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या आराखड्यावर जवळजवळ हेच शीर्षक होते. मी म्हटले, "पोरी, पेढे जरा लवकर आणलेस!"

बापलेक दोघेही गोंधळले. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे परीक्षा पास झाली की गड जिंकला, अशीच समजूत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. निवडीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. २०२४ पासून 'नेट'चे गुणही या प्रवेशासाठी धरले जातात. मग किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के गुण हवेत. इथपर्यंत आपली मुले हुशार. घोकंपट्टी म्हणा, मेहनत म्हणा, ती आपल्या रक्तात आहे. खरी घाटी लागते ती पुढे, संशोधनाचा आराखडा घेऊन सल्लागार समितीसमोर उभे राहताना.

माझे तसेच झाले. परीक्षेसाठी मी पहाटे साडेचारला उठत होते. ओट्यावरच्या फरशीवर सूत्रांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कुकरच्या शिट्ट्यांवर वेळ मोजून प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि पासही झाले. मग चाळीस पानांचा आराखडा बांधून समितीपुढे गेले. एका वयस्कर सरांनी तो चाळला, मिटला आणि शांतपणे विचारले, "बाई, विषय छान आहे. पण तुमचा प्रश्न कोणता?"

मी उद्दिष्टे सांगितली, गृहीतके सांगितली. ते पुन्हा म्हणाले, "हो, पण प्रश्न?" माझ्याकडे चाळीस पाने उत्तरे होती, प्रश्न एकही नव्हता. आराखडा परत आला.

घरी आल्यावर यजमानांनी विचारले, "म्हणजे नापास?" नापास नाही, पण पासही नाही, या अवस्थेला आमच्या घरात शब्दच नव्हता. शेवटी सासूबाईंनी शेजारी सांगून टाकले, "हिचा निकाल राखून ठेवलाय."

पुढचे आठ महिने वाईट गेले. वाचत होते, पण कशासाठी ते कळत नव्हते. मार्ग सापडला तो आठवडी बाजारात. माझी नेहमीची भाजीवाली मिरच्यांचे वाटे लावून बसायची. शेजारी तिची सून काट्यावर मोजून विकायची. मी सहज म्हटले, "मावशी, काटा का नाही घेत?" ती म्हणाली, "वाट्यावर दोन मिरच्या वर टाकता येत्यात, बाई. काट्यावर कसं टाकायचं?" थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आन् काट्याचा हिशेब घरी द्यावा लागतो. वाट्याचा कोण इचारतंय?"

मी पिशवी तशीच खाली ठेवली. वाट्याने विकणारीच्या आणि काट्याने विकणारीच्या हातात दिवसअखेर किती पैसा राहतो आणि तो कोणाच्या मर्जीने खर्च होतो? हा माझा प्रश्न होता. पुढच्या बैठकीला मी बारा पाने नेली. समितीने पाऊण तास हुज्जत घातली, पण ती हुज्जत त्या प्रश्नावर होती. घरी येऊन सासूबाईंना तो सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच? हे तर मलाही विचारायचं होतं." मंजुरीच्या पत्रापेक्षा ते वाक्य मला मोलाचे वाटले.

परत आलेला आराखडा म्हणजे नाचक्की, असे मानणाऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकिगत आठवावी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा जाऊन त्यांनी डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी आक्षेप घेऊन तो दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी मांडणीत फेरफार केला, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि ग्रंथही निघाला. त्याच्या नावातच प्रश्न आहे, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. प्रश्न पक्का असला, की मतभेदानेही ग्रंथाची शोभा जात नाही.

आपले घोडे पेंड खाते ते इथेच. शाळेत 'गाइड' म्हणजे उत्तरांचे तयार पुस्तक. पीएच.डी.चा गाइड म्हणजे उत्तर न सांगणारा माणूस. वीस वर्षे पहिल्या गाइडवर वाढलेल्या मुलाला आपण एका दिवसात दुसऱ्याच्या हवाली करतो. मग तो भांबावतो आणि आराखडा तयार करून देणाऱ्यांच्या दारात जातो. आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आहेत. साम्य साठ टक्क्यांवर गेले तर नोंदणी रद्द होऊ शकते. पण यंत्र उसनी वाक्ये पकडते, उसना प्रश्न नाही.

म्हणून विद्यापीठांनी कोर्सवर्कमध्ये पाठांतराच्या पेपरांपेक्षा प्रश्न घडवायला वेळ द्यावा. मार्गदर्शकांनी पहिल्या सहा महिन्यांत शीर्षक मागूच नये. आणि घरच्यांनी? पीएच.डी.ला नियमानेच कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षे लागतात. पुढे मुदतवाढही मिळते, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तेव्हा दर सणाला "कधी होणार?" असे विचारण्याऐवजी एकदा "तुझा प्रश्न काय आहे?" असे विचारावे आणि पाच मिनिटे ऐकून घ्यावे.

त्या मुलीलाही मी एवढेच सांगून पाठवले होते, की शीर्षक विसर आणि चार दिवस आजूबाजूला बघ. बुधवारी रात्री तिचा फोन आला. आवाज दबका होता.

"मॅडम, आईनं बचत गटातून कर्ज काढलं, त्यातून बाबांची स्कूटर आली. हप्ते आई शिवणकाम करून फेडते. कागदावर सक्षमीकरण आईचं झालंय. खरं कोणाचं झालं? हा प्रश्न चालेल?"

"चालेल," मी म्हटले. "पण एका घरावरून निष्कर्ष काढू नकोस. बांगलादेशातल्या कर्जांबाबत अभ्यासकांनी हा प्रश्न १९९६ मध्येच विचारला आहे, ते आधी वाच. मग आपल्या तालुक्यात वेगळे काय, ते शोध."

ती क्षणभर गप्प राहिली. "आणि बाबांना काय सांगू?"

"सांगू नकोस, विचार. आणि ते जे बोलतील, ते जसेच्या तसे लिहून घे."