श्रोते कोण घडविणार?

जून उजाडला की शाळाशाळांतून वेळापत्रके आखली जाऊ लागतात. गणित, विज्ञान आणि भाषा यांच्या तासिका प्रथम मांडल्या जातात, मग इतर विषयांची सोय लावली जाते, आणि शेवटी एखादी चौकट रिकामी राहिलीच तर तीत ‘कला’ असे लिहून वेळापत्रक फळ्यावर लावले जाते. परीक्षा जवळ आल्या की सर्वांआधी बळी जातो तो याच तासिकेचा. ज्यांनी काही वर्षे हाती खडू धरला आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. आम्हालाही तो नवा नाही. याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर, प्रयोगकलांचे एक भव्य मंदिर उभे आहे. शाळेतील ती रिकामी चौकट आणि हे मंदिर यांचे परस्परांशी काही नाते आहे काय, आणि नसल्यास ते कोणी जोडावयाचे, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले ‘एनसीपीए’, १९६९ साली स्थापन झाले. जे. आर. डी. टाटा यांचा पाठिंबा आणि डॉ. जमशेद भाभा यांचा ध्यास यांतून ही संस्था जन्मास आली. नफ्यासाठी नव्हे, तर संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या जतनासाठी व संवर्धनासाठी ती उभी राहिली. अमेरिकन वास्तुशिल्पी फिलिप जॉन्सन यांनी आखलेल्या टाटा थिएटरचे उद्घाटन १९८० साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. सुमारे एक हजार आसनांच्या या सभागृहाची रचना करताना आपल्या बैठकीच्या संगीताचा विचार केलेला होता. गायकाचा नैसर्गिक आवाज श्रोत्यांपर्यंत सुखाने पोहोचावा, ही त्यामागील दृष्टी. पुढे १९८६ मध्ये प्रायोगिक नाटकांसाठी लहान नाट्यगृह आले, १९९९ मध्ये जमशेद भाभा थिएटर खुले झाले आणि २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद स्थापन झाला. मराठी माणसाने या संस्थेला परकी मानण्याचे कारण नाही. पु. ल. देशपांडे तिचे मानद संचालक होते. डॉ. अशोक रानडे यांच्यासारख्या संगीतज्ञाने तेथे संशोधनाची धुरा वाहिली. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ यांसारखे एकेका सूत्रात गुंफलेले कार्यक्रम रानडे यांनी सिद्ध केले आणि श्रोत्यांना ऐकविता ऐकविता शिकविले. श्रोत्यांचे शिक्षण म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठच होता.

संस्थेने शिक्षणाकडे पाठ फिरविली आहे, असे कोणी म्हणू लागला तर तो अन्याय होईल. गुरूजवळ बसून विद्या घेणाऱ्या तरुण शिष्यांना तिने आधार दिला. पाश्चात्य वाद्ये शिकू इच्छिणाऱ्या बालकांसाठी वाद्यवृंदाला जोडून अकादमी काढली. शाळकरी मुलांच्या कानांवर हिंदुस्थानी संगीत पडावे म्हणून तिचे शिक्षक शाळांत गेले. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची शिबिरे भरली, आणि शहरातील उद्यानांत विनामूल्य कार्यक्रमही झाले. या सर्व गोष्टींबद्दल संस्थेचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा संस्थांच्या कारभारात या कार्याचे स्थान कोणते? गाभाऱ्यातले की ओसरीवरचे? हा प्रश्न एकट्या एनसीपीएला नाही. कलेच्या नावाने देणग्या घेणाऱ्या आणि ‘समाजशिक्षण’ हा शब्द आपल्या अहवालात छापणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो आहे.

येथे आमच्या शिक्षकी पेशातील एक आठवण सांगणे अप्रस्तुत ठरू नये. आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसून तो सारखा बाक वाजवीत असे, आणि त्यापायी शिक्षाही भोगीत असे. एके वर्षी एका नामांकित कलासंस्थेने आमच्या शाळेत संगीताचा सप्रयोग कार्यक्रम ठेवला. तबलावादकाने ठेका वाजवून दाखविला आणि मुलांना टाळी धरण्यास सांगितले. सभागृहात गोंधळ उडाला, परंतु त्या मुलाची टाळी चुकेना. कलावंताने त्याला जवळ बोलाविले, तबल्यासमोर बसविले आणि वाजविण्यास सांगितले. चाळीतल्या भजनी मंडळात वडिलांच्या मांडीला मांडी लावून तो पखवाज शिकत होता, हे आम्हा शिक्षकांना त्या दिवशी प्रथम कळले. तीन वर्षे आम्ही त्याला शिकवीत होतो आणि हे आम्ही त्याला कधी विचारले नव्हते! आमच्या अज्ञानाची ही कबुली आहे. परंतु पुढे जे झाले ते अधिक खेदाचे. तो मुलगा पुढील वर्षी त्या कार्यक्रमाची वाट पाहत राहिला. आम्ही संस्थेला पत्र लिहिले. उत्तर आले की, आपल्या शाळेला एकदा लाभ मिळाला आहे, आता नव्या शाळांना संधी द्यावयाची आहे. अहवालात शाळांची संख्या वाढली असेल. तो मुलगा मात्र पुन्हा बाकच वाजवू लागला.

वर्षाकाठी एक प्रयोग, एक छायाचित्र आणि अहवालात एक आकडा, हे शिक्षण नव्हे. शिक्षण म्हणजे सातत्य. तोच शिक्षक, तीच मुले, आठवड्यामागून आठवडा आणि वर्षामागून वर्ष, असे झाले तरच स्वर कानात मुरतो. शंभर शाळांत एकेक दिवस जाण्यापेक्षा दहा शाळांत तीन तीन वर्षे राहणे अधिक मोलाचे आहे, जरी त्यामुळे अहवालातील आकडा लहान दिसला तरीही.

हा विचार काही आम्ही बाहेरून उसना आणलेला नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा ते एखाद्या संस्थानिकाच्या दरबारी आश्रयावर विसंबले नाहीत. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर त्यांनी ते चालविले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय आणले. त्यासाठी कर्जे काढली आणि अखेर त्यांपायी विद्यालयाची इमारतही गमावली. परंतु इमारत गेली तरी विद्या गेली नाही, कारण माणसे घडलेली होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे त्यांचेच शिष्य. देवधर मास्तरांनी १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले, आणि विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापिले. या शाळांतून शिकलेले सर्वच काही गवई झाले नाहीत. बहुतेक जण कारकून, शिक्षक, गृहिणी झाले. परंतु मैफलीत पुढे बसून समेवर मान डोलावणारे तेच होते. तानसेन जन्मास यावयाचा तर आधी कानसेन तयार असावे लागतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपल्या गिरणगावाचा इतिहासही हेच सांगतो. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या, वाचनालये काढली, आणि तिच्याच परळच्या दामोदर नाट्यगृहात गिरणी कामगारांनी आपली नाटके रंगविली. दिवसभर साच्यावर उभा राहणारा कामगार रात्री रंगमंचावर उभा राहत होता. साक्षरता आणि नाटक या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदत होत्या, आणि त्यांत कोणास विसंगती वाटत नव्हती. लोकांना कला ‘द्यावयाची’ असते असे त्या पिढीने मानले नाही. लोकांपाशी कला असते, तिला जागा द्यावयाची असते, हे तिला ठाऊक होते.

याबाबत परदेशाचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने १९७५ साली शिक्षणासाठी आपली स्वतंत्र संस्था उघडली. तेथे शाळेतील शिक्षकांना उन्हाळी वर्गात बोलावून प्रथम त्यांनाच कलेचा अनुभव देण्यात येई. मग कलावंत आणि शिक्षक मिळून एखाद्या कलाकृतीचा अभ्यास आखीत, आणि तयारी झालेली मुले ती कृती पाहत. यातील मर्म असे की, वर्गशिक्षकाला बाजूला सारून कलाशिक्षण होत नाही. कलावंत तासाभरात निघून जातो. दुसऱ्या दिवशी मुलांचे प्रश्न ज्याच्या वाट्याला येतात, तो शिक्षकच जर त्या विषयापुढे निरुत्तर असेल तर काल पेटलेली ज्योत आज विझणारच.

येथे कोणी म्हणेल की, ज्या मुलांना पुरेसे वाचताही येत नाही त्यांना राग आणि ताल कशाला? हा युक्तिवाद व्यवहारी दिसतो, म्हणूनच तो घातक आहे. गरिबाच्या मुलाला उपयोगाचे तेवढेच शिकवावे आणि सुंदर ते श्रीमंताच्या मुलासाठी राखून ठेवावे, असा त्याचा अर्थ होतो. तालात टाळी धरणारे मूल लक्ष देणे शिकते, नाटकात उभे राहणारे मूल दुसऱ्याचे म्हणणे ऐकणे आणि आपले म्हणणे मांडणे शिकते. पण हे लाभ दाखविले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. गाणे ऐकून आनंद व्हावा, हा त्या मुलाचा अधिकारच आहे, आणि अधिकाराला उपयुक्ततेचा दाखला जोडावा लागत नाही.

कायद्यानेही हे तत्त्वतः मान्य केले आहे. सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभराहून अधिक विद्यार्थी आहेत तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातील व अभ्यासक्रमाबाहेरील यांतील भिंती पाडण्याची भाषा केली. भाषा उत्तम आहे. परंतु अंशकालीन शिक्षकाला तुटपुंज्या मानधनावर आणि अनिश्चिततेच्या टांगत्या तलवारीखाली ठेवून भिंती पडत नाहीत. आज तो आहे, उद्या असेलच याची शाश्वती नाही. मग सातत्य यावे कोठून?

पैशाची सबबही आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्या कार्यांच्या यादीत शिक्षण आहे, तसेच कला व संस्कृतीचे जतनही आहे. मुंबईत कंपन्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो धीराचा. देणगीदाराला मार्चअखेर फलित हवे असते, आणि कानाची मशागत मार्चअखेर मोजता येत नाही. येथे संस्थांनीच देणगीदाराला चार समजुतीच्या गोष्टी सांगण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. एनसीपीए आणि तिच्यासारख्या सर्व संस्थांनी मोजक्या शाळा निवडाव्यात आणि त्यांचा हात किमान तीन वर्षे सोडू नये. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आधी आपल्याकडे शिकण्यास बोलवावे. मुलांपाशी घरून आलेले जे आहे, मग ते भजन असो, शाहिरी असो, दशावतार असो की कव्वाली असो, त्याची प्रथम विचारपूस करावी. वर्षातून एकदा त्या मुलांना त्यांच्या आईवडिलांसह थिएटरच्या उत्तम आसनांवर बसवावे, आणि गोवंडीहून वा मालवणीहून येण्याजाण्याच्या गाडीची सोय करावी. विनामूल्य तिकीट हाती देऊन गाडीभाड्याची चिंता त्यांच्यावर टाकणे हे निमंत्रण नव्हे. अहवालात किती शाळा झाल्या हे छापण्याऐवजी किती मुले तिसऱ्या वर्षीही शिकत राहिली हे छापावे. महापालिकेची स्वतःची संगीत व कला अकादमी आहे. तिला आणि या संस्थांना एका टेबलाभोवती बसविण्याचे काम शिक्षण विभागाने करावे. आणि मुख्याध्यापकांना आमची, एका जुन्या सहकाऱ्याच्या नात्याने, एवढीच विनंती आहे की, कलेची तासिका वेळापत्रकात प्रथम मांडावी आणि परीक्षा आली तरी ती गणिताला देऊ नये.

संगमरवर आणि दिवे यांनी प्रेक्षागृह सजते, भरते मात्र माणसांनी. आज त्या आसनांवर बसणाऱ्यांची पिढी वृद्ध होत आहे. त्यांच्यामागून कोण येणार, याचे उत्तर नरीमन पॉइंटवर मिळणार नाही. ते कोठल्या तरी शाळेच्या शेवटच्या बाकावर बसून बोटांनी ठेका धरीत आहे. त्याला शिक्षा करावयाची की त्याच्यापुढे तबला ठेवावयाचा, हे आपण या जूनमध्येच ठरविले पाहिजे.